सिस्टर फोनवर काय म्हणाल्या

१८ एप्रिल

प्रिय बारके,

पत्राची सुरुवात खुशाली विचारून करतात म्हणून विचारते, कशी आहेस? मी बरी आहे. फोन तू उचलत नाहीस. आईला लावला तर तू शेजारी असलीस की ती इतक्या हळू बोलते की मला फक्त 'हं' आणि 'बरं' ऐकू येतं. म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी हजेरीपटाशिवाय हाताने काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तलावावर नेहमीचंच रडगाणं. मागच्या आठवड्यात पंप बंद पडला आणि तीन दिवस पाणी शेवाळी झालं होतं. लहान मुलांच्या आया काठावर उभ्या राहून माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही पंप मीच गिळलाय. आता सुरू आहे. सकाळची बायकांची बॅच तेवढी भरलेली आहे, बावीस जणी. रिलेत आपण तिसऱ्या आल्यापासून व्यवस्थापक साहेबांनी तो तास दुसऱ्या कुणाला द्यायची भाषा बंद केलीय. आपल्या चौघींचा फोटो त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे. शिंपीणबाईंचे डोळे मिटलेले, दातांची डॉक्टर नेहमीसारखी दात दाखवत, मी मध्ये छाती काढून. तू कडेला डावा कोपर अंगाशी दाबून उभी आहेस. फोटो काढला तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आई म्हणाली जखम आता कोरडी आहे, ताप नाही, आणि औषधाच्या गोळ्या संपल्या. हे ऐकून बरं वाटलं. चालायला जातेस का? जा. गच्चीवर नको, जिना चढताना तू कठडा धरून अंग ओढतेस. खाली सपाट रस्त्यावर जा, आधी दहा मिनिटं, मग पंधरा. पाण्याने भरलेली बादली उचलू नकोस. वरच्या कप्प्यातले डबे आईला काढू देत, ती तशीही तुला काढू देणार नाही. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही. पाण्याचा तर विचारही नको. टाके काढले म्हणजे आतून भरलं असं नसतं, आतलं भरायला वेळ लागतो.

मी अशी काळजीची भाषा कधीपासून बोलायला लागले, असं तुला वाटेल. वाटू दे.

डाव्या बाजूचं पुन्हा बसवता येईल असं डॉक्टर म्हणाले ना? काही महिन्यांनी? म्हणजे सगळंच गेलं असं नाही. तू ऑफिसात पुन्हा रजा कशी मागितलीस कोण जाणे. पहिल्या वेळी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतंस, आता माणसाला दुसरं पित्ताशय कुठून आणणार?

हा विनोद आहे. नको असेल तर सोड.

आता जे लिहायला बसले ते. आई सांगत होती की तू दवाखान्याला तक्रारीचं पत्र दिलंस. त्या ड्रेसिंगच्या सिस्टरविरुद्ध. त्यांनी फोनवर पोहायला परवानगी दिली आणि त्यामुळे हे झालं, असं लिहिलंस म्हणे. बारके, मोठी बहीण म्हणून सांगते, हे सोडून दे. त्या बाईला शिक्षा झाली तर तुझं काय परत येणार आहे? चौकशा, कागद, जबाब, पुन्हा तेच तेच चार लोकांसमोर सांगणं. तुला तर ऑफिसातल्या मैत्रिणीलाही सांगवलं नाही, मग तिथे टेबलाभोवती बसलेल्या अनोळखी लोकांना काय सांगशील? दवाखान्याची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. मनस्ताप तुलाच होईल. पत्र मागे घे. तब्येतीचं कारण सांग, कुणी काही विचारणार नाही.

आईच्या गुडघ्यांना मी पाठवलेला पट्टा तिने लावला का? की तसाच पिशवीत आहे?

तुझा पोहायचा चष्मा माझ्या कपाटात आहे. पाठवू का?

तुझी
ताई


९ मे

बारके,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणजे चार ओळी. 'ताई, फोन तू केला होतास. त्या म्हणतात त्यांनी नाही म्हणून सांगितलं. दवाखान्याला तुझा लेखी जबाब वीस तारखेच्या आत हवा आहे. जे झालं ते लिही.' खाली नाव नाही, काही नाही. वीज कंपनीसुद्धा याहून गोड लिहिते.

मला राग आला हे आधीच सांगते. तू काही दूधपिती नाहीस, एकोणचाळीस वर्षांची बाई आहेस. दवाखान्याने दिलेला कागद तुझ्या पिशवीत होता. त्यात छापलेलं होतं, पोहणे व जड व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ऑफिसात सगळे ऐकतात म्हणून तू मला सांगितलंस, ताई तूच विचार. विचार म्हणालीस, मी विचारलं. आता चार महिन्यांनी त्या फोनवर कोण नेमकं काय म्हणालं, शब्दाला शब्द, हे कुणाला आठवणार? मी रोज वीस जणांशी फोनवर बोलते. अर्धे फी विचारतात, अर्धे पाणी गरम असतं का ते विचारतात.

मंगळवारी ती सिस्टर इथे आली होती.

दुपारचे तीन वाजले होते, लहान मुलांची बॅच सुरू व्हायची होती. काठावर चपला चालत नाहीत हे तिने पाटी वाचून स्वतःच पाहिलं असावं, कारण ती चपला हातात घेऊन आली. मी आधी ओळखलंच नाही. दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत एक दोनदा पाहिलेली, त्यात मी बाहेरच बसून होते. पन्नाशीची असेल. मी ऑफिसात खुर्ची दिली. ती पर्स मांडीवर घेऊन अगदी कडेवर बसली, बस आली तर पटकन उठता यावं तशी.

मला वाटलं भांडायला आली. ती भांडली नाही. म्हणाली, चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला ड्रेसिंगच्या खोलीतून काढून फायली लावायला बसवलंय. बावीस वर्षं जखमा बघितल्या, आता फायली बघते. डॉक्टर तिच्याशी नीट बोलतात, पण रुग्णांसमोर तिला नावाने हाक मारायचे ते बंद झालेत. तुझ्याबद्दल तिने तीनदा विचारलं. ताप उतरला का, डावा हात मागे जातो का, झोप लागते का. मग म्हणाली,

"मॅडम, मी तुम्हाला नाही म्हणाले होते. तुम्हाला आठवतंय ना?"

मी म्हटलं, इतक्या दिवसांनंतर नेमके शब्द आठवत नाहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ नाही, पण पाहिलं. मग 'ठीक आहे' म्हणाली आणि उठली. बाहेर जाताना काठावर एक मुलगी उडी मारायच्या तयारीत उभी होती, गुडघ्याला खरचटलेलं, वर नुसती पट्टी चिकटवलेली. सिस्टर तिच्याजवळ वाकली, पट्टीची कड उचलून पाहिली आणि तिच्या आईला काहीतरी सांगितलं. त्या बाईने मुलीला कपडे बदलायला परत नेलं. पट्टी मीही पाहिली होती, दारात हजेरी घेताना. पाहून पुढे सोडलं होतं.

तर असं. तिची नोकरी जाणार नाही बहुतेक. फायलींचं कामही काम असतं, पाय तरी दुखत नाहीत.

तू म्हणशील मी जबाब लिहीन की नाही ते सांगत नाही. मी विचार करतेय. वीस तारखेला वेळ आहे.

आज बॅच संपल्यावर एकटीच पाण्यात उतरले. खूप दिवसांनी, शिकवायला नाही, नुसतं पोहायला. तुझी आठवण आली. तू सोळाची होतीस तेव्हा पन्नास मीटर मला मागे टाकायचीस, आणि मी तेव्हा जिल्ह्यातली पहिली. हात पाण्यात जाताना तुझा आवाजच व्हायचा नाही. प्रशिक्षक मला म्हणायचे, तुझ्यात जोर आहे, तिला पाणी कळतं. मग एक दिवस तू पोशाख आईच्या शिलाईच्या टोपलीत टाकलास, म्हणालीस कापड वापर. आणि बावीस वर्षं पाण्यात पाय घातला नाहीस. का सोडलंस ते तू कुणाला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मागच्या वर्षी तू स्वतःहून माझ्या बॅचला आलीस तेव्हा मला वाटलं, झालं, आता सगळं मिटलं.

आईला सांग पट्टा लावून बसायचं नसतं, चालायचं असतं.

ताई


२१ मे

बारके,

काल मी दवाखान्यात जाऊन लेखी जबाब दिला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात दीड पान आहे आणि सगळं खरं आहे. पण तिथे फक्त काय झालं ते विचारतात, का झालं ते विचारत नाहीत. ते तुला सांगायचं आहे. मध्येच पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण आधी पुढची चार वाक्यं वाच.

सिस्टर नाही म्हणाल्या होत्या. स्पष्ट म्हणाल्या होत्या. मला शब्दाला शब्द आठवतं, तेव्हाही आठवत होतं, त्या खुर्चीत बसल्या होत्या तेव्हाही. मी तुला खोटं सांगितलं.

तुझ्या ऑपरेशनला चोवीस दिवस झाले होते. मी तलावाच्या ऑफिसातून फोन लावला. सांगितलं की माझी बहीण, अमुक तारखेचं ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे, फक्त पन्नास मीटर. त्या म्हणाल्या, सहा आठवड्यांच्या आत पाणीच नाही. सहा झाले तरी आधी डॉक्टर टाक्यांची जागा बघतील, कुठे खपली किंवा ओल असेल तर अजून थांबायचं. तलावातलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उघड्या जखमेला ते घाणच. मग पहिले काही दिवस पाण्यात नुसतं चालायचं, मग हात अंगाशी ठेवून पाय मारायचे. हात डोक्यावरून फिरवायचं पोहणं त्याच्या बरंच नंतर, छातीचा स्नायू ओढला जातो, आतली जागा अजून धरलेली नसते. आणि उडी सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, सिस्टर, ती लहानपणापासून पोहते. त्या म्हणाल्या, "पोहणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं. त्यांना वाटतं पाणी आपलंच आहे."

मी आभार मानून फोन ठेवला. संध्याकाळी तुला फोन केला आणि म्हटलं, सिस्टर म्हणाल्या जखम कोरडी असेल तर हरकत नाही. तू विचारलंस, "नक्की असंच म्हणाल्या?" मी हसले. म्हटलं, मग काय मी मनाचं सांगतेय? तू पुन्हा विचारलंस. दोनदा विचारलंस, बारके. दुसऱ्यांदा मी चिडले आणि तू गप्प झालीस, कारण मी चिडले की तू गप्प होतेस, हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. म्हणजे तू पाच वर्षांची, मी बाराची.

कारण म्हणून मी स्वतःला सांगत होते ते बायकांच्या बॅचचं. साहेब तो तास एका खाजगी क्लबला देणार होते, स्पर्धेत काही करून दाखवलं तर बघू म्हणाले होते. चार नावं देऊन झाली होती, चौथं नाव तुझं. तुझ्याशिवाय आम्ही शेवटच्या आलो असतो. हे खोटं नाही. बावीस बायकांचा तो एकच तास असतो ज्यात त्यांना कुणी हाक मारत नाही.

पण तेवढंच असतं तर मी दातांच्या डॉक्टरच्या नणंदेला घेतलं असतं. ती बरी पोहते.

मला तुझ्या छातीच्या ऑपरेशनचा राग होता. तू फक्त मला आणि तुझ्या नवऱ्याला सांगितलंस. मी तुला गाडीतून नेलं, बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाही, तुला वाटलं मी दमले. दहाव्या दिवशी मी तुझ्याकडे आले तेव्हा तू आरशासमोर उभी होतीस. सैल सदरा, आतून तो दवाखान्याचा घट्ट पट्टा, काही दिसतही नव्हतं नीट. तरी तू बाजूने उभी राहून बघत होतीस आणि हसत होतीस. मी दारातूनच पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, म्हणजे ही विसरलेली नाही.

तू पोहणं का सोडलंस ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत आठ दहा जणी होतो. नवीन मुलींना तरंगायला फळ्या वाटत होते. कुणीतरी म्हणालं हिलाही एक द्या. आणि मी म्हटलं, हिला कशाला फळी, ही स्वतःच फळी आहे, पुढून बघा की मागून. सगळ्या हसल्या. तूही हसलीस. टॉवेल गळ्याशी धरून हसलीस. त्या दिवसापासून ते नाव तुला चिकटलं, आणि लोक समजतात तसं ते कुण्या दुष्ट मुलीने ठेवलं नव्हतं, मी ठेवलं होतं. तू माझ्यापेक्षा दीड सेकंद पुढे होतीस आणि मला दुसरं काही सापडलं नाही. दोन महिन्यांत तू तलावावर यायची बंद झालीस. मग पुढची तीन वर्षं मीच पहिली.

तेवीस वर्षं मी समजत होते की ते वाहून गेलं. तू लग्न केलंस, नोकरी केलीस, माझ्या विनोदांना हसलीस, मी बारकी म्हटलं की ओ दिलीस. मग तू स्वतःच्या अंगावर चाकू चालवून घेतलास. कुणी म्हणेल हौस, आई म्हणते खूळ. मला ते माझ्याविरुद्धचा पुरावा वाटला. सगळ्यांना दिसेल असा. म्हणून मला ते किरकोळ ठरवायचं होतं. पाण्यात उतरवायचं, पोहायला लावायचं आणि म्हणायचं, बघ, काही झालं नाही, एवढंसं तर होतं. मनात असं वाक्य जुळवून मी काही ठरवलं नव्हतं, पण तोंडात खोटं आपोआप आलं, आणि ते काही आभाळातून पडत नाही.

अजून आहे.

सरावाच्या दिवशी तू तिसऱ्या फेरीनंतर काठ धरून म्हणालीस, ताई, डाव्या बाजूला ओढल्यासारखं होतंय. मी म्हटलं सैल सोड, स्नायू आखडलेत, अजून दोन मार. तू मारल्यास.

आणि स्पर्धेच्या दिवशी, तू अंग पुसलंस त्या टॉवेलवर पुसट गुलाबी डाग होता. मी पाहिला. शिंपीणबाई पदक गळ्यात घालून नाचत होत्या. मी टॉवेलची घडी उलटी केली, डाग आत घेतला आणि तुझ्या हातात दिला. हे जबाबात लिहिलेलं नाही. कुणी विचारलं नाही. त्याच दिवशी तुला दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित नुसत्या औषधावर भागलं असतं, असं डॉक्टर काल बोलता बोलता म्हणाले. मी त्यांना टॉवेलचं सांगितलं नव्हतं, ते आपले साधं म्हणाले. मी मान हलवली. चार दिवसांनी तुला ताप भरला आणि डाव्या बाजूचं काढावं लागलं.

आता काल काय झालं ते. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, म्हणाले, तुम्ही शिकवता ना पोहायला? एवढंच. मग सिस्टरना बोलावलं. त्या फायलींच्या खोलीतून आल्या, हाताला धूळ होती. उभ्यानेच वाचलं. मी तिथल्या तिथे माफी मागितली. त्या म्हणाल्या,

"माझं सोडा. आता मी फोनवर कुणालाच काही सांगत नाही. येऊन दाखवा म्हणते. लांबून येणाऱ्या बायका असतात, त्यांना दिवसभराचं काम बुडवून यावं लागतं. नुसतं हो किंवा नाही ऐकायला."

मग धूळ पुसली आणि गेल्या. येत्या सोमवारपासून त्या पुन्हा ड्रेसिंगच्या खोलीत आहेत. दारापर्यंत जाऊन परत फिरल्या आणि तुझ्यासाठी निरोप दिला. जखम दाखवायला मंगळवारी ये. त्यांच्या हातून पट्टी करून घ्यायला तुला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या सिस्टरला सांगून ठेवतील. तुझ्यावर त्यांचा राग नाही. तू ऐकलंस त्यावरून लिहिलंस, असं त्या म्हणाल्या.

साहेबांनाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडून बायकांची बॅच काढून घेतली, ते बरोबरच आहे. आणि तो सकाळचा तास जुलैपासून क्लबला दिला. स्पर्धेचा विषय त्यांनी काढलाही नाही. शिंपीणबाई माझ्याशी बोलत नाहीत. दातांची डॉक्टर बोलते, ते जास्त अवघड जातं.

आईला काल फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तिला मी सांगणार नाही. तुझं तू सांग." आणि फोन ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं की तू उजव्या बाजूचंही काढून टाकायचं ठरवलंयस. तू म्हणतेस माझ्या अंगालाच ते मानवलं नाही, जे नव्हतं ते लावायला गेले म्हणून शिक्षा मिळाली.

त्यासाठी हे पत्र आज लिहिलं, नाहीतर मी अजून आठ दिवस टाळलं असतं. मला ओळखतेस तू.

बारके, तुझ्या अंगाने काही नाकारलं नाही. तुझं अंग चोवीस दिवस नीट भरत होतं, डॉक्टरांच्या नोंदीत तसं आहे, काल त्यांनी मला दाखवलं. ते भरत असताना मी त्याला पाण्यात ढकललं. ठेव, काढ, पुन्हा बसव, काहीच करू नकोस, जे तुला हवं ते कर. मी त्यात एक अक्षर बोलणार नाही, मला तो अधिकार राहिलेला नाही. फक्त ठरवताना तुझ्या शरीरावर आळ घेऊ नकोस. आळ घ्यायला मी आहे.

पाण्यात परत कधी जायचं, हेही आता डॉक्टरांना आणि सिस्टरना समोर बसून विचार. दुसरं ऑपरेशन झाल्यामुळे दिवस नव्याने मोजायचे असतात, पहिले धरायचे नाहीत. वर त्यांचे शब्द लिहिलेत ते जानेवारीतल्या तुझ्यासाठी होते, आताच्या तुझ्यासाठी नाहीत. आणि कुठेही ओढल्यासारखं झालं तर काठ धर आणि बाहेर ये. काठावरचं माणूस काहीही म्हणो. आईच्या घरापासून जवळ एक तलाव आहे, तिथे एक बाई शिकवतात, मी त्यांना ओळखत नाही आणि तुझ्याबद्दल बोललेही नाही. जायचं तर जा. मी तिथे येणार नाही.

बारके हे नाव मी शेवटचं लिहितेय. तू ते कधी मागितलं नव्हतंस. तुला काय हाक मारायची ते तू सांगशील तेव्हा सांग.

'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' असं वाक्य इथे लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसेलच. चालणार नाही. पण ती माझी गरज झाली, तुझं काम नाही.

जबाबाखाली पूर्ण नावाने सही केली, तिथे ती लागते. इथे काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला.

जिच्यावर तू विश्वास ठेवलास ती,
ताई